वेरूळहून अंगकोरला जाताना

चि. छकुलीस,


तुझी यादी मिळाली. कंबोडियातल्या सिएम रीपला तीन दिवस, त्यात बावीस देवळं, वर एक तरंगतं गाव, एक सर्कस आणि दोन रात्रबाजार. खाली विचारलंयस, ‘आजोबा, काही राहिलंय का?’ राहिलं काहीच नाही गं, झालंय तेच जास्त. तू विचारलंस म्हणून लिहितोय. न पटलं तर सोडून दे, पण सगळं वाचून मग सोड.

माझी सगळी उमर पाहुण्यांना लेणी दाखवण्यात गेली. त्यामुळे आपल्या गावात माणूस कसा येतो हे मला पाठ आहे. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने भल्या पहाटे उतरतो. हॉटेलात तोंड धुतो आणि नऊला गाडीत बसतो. आधी दौलताबाद, मग खुलताबादला भद्रा मारुती, मग वेरूळ, घृष्णेश्वर, येताना पाणचक्की आणि दिवेलागणीला मकबरा. दुसऱ्या दिवशी अजिंठा, रात्रीच्या गाडीने परत. या धावपळीत कैलास लेण्याच्या वाट्याला पाऊण तास येतो आणि त्यातला निम्मा फोटोंत जातो. चौतीस लेण्यांपैकी बाकीची बहुतेक तो बसच्या खिडकीतूनच पाहतो. असा माणूस वाईट नसतो. त्याने सुट्टी काढलेली असते, पैसे मोजलेले असतात, म्हणून सगळं वसूल करायचं असतं. पण घरी गेल्यावर ‘काय पाहिलंस’ विचारलं की ‘एका दगडात कोरलंय म्हणे’ याच्या पलीकडे त्याला बोलता येत नाही. तू या गावची मुलगी आहेस. दुसऱ्याच्या गावात तरी तू अशी जाऊ नयेस, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा पहिलं काम, विमानाचं तिकीट काढायच्या आधी एकदा वेरूळला जा. हसू नकोस. शाळेच्या सहलीत तू गेली होतीस, पण तेव्हा तुमचं लक्ष डब्यांकडे आणि माकडांकडे होतं. दुपारी दोननंतर जा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी तिथे सावली असते आणि नक्षी सपाट दिसते. दुपार कलली की ऊन आत शिरतं आणि दगडातली प्रत्येक रेघ उठून येते. हा धडा तुला अंगकोर वाटला कामाला येईल, कारण तेही देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सगळं जग तिथे पहाटे पाचला तळ्याकाठी उभं असतं. देवळामागून सूर्य येतो, पाच शिखरांची काळी आकृती दिसते, फोटो छान येतो. एकदा तूही बघ, माझी ना नाही. पण आकृतीशिवाय त्या वेळी दुसरं काही दिसत नाही. कोरीवकाम बघायचं तर दुपारी तीनला परत जायचं. तोवर पहाटेची गर्दी हॉटेलात झोपलेली असते.

कैलासात गेलीस की थेट दक्षिणेच्या अंगाला जा. खाली रावण आहे, अनेक हातांनी पर्वत उचलू पाहणारा. वर शंकर-पार्वती. पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, एक दासी पाठ फिरवून पळतेय, आणि शंकर मात्र जणू काही झालंच नाही असा बसलाय. हे शिल्प नीट डोळ्यात भर. रावणाच्या अंगातला जोर कुठून निघतो ते बघ, दासी कुठल्या दिशेला पळते ते बघ. मग एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात जाऊन तोच प्रसंग पुन्हा बघ. कैलास आठव्या शतकातला, ही दोन्ही त्याच्या आधीची. एकाच गोष्टीला तीन हातांनी तीन तऱ्हा दिल्यात.

आता चौथी तऱ्हा सिएम रीपपासून साधारण 35 किलोमीटरवर आहे. बांते स्रेई. तुझ्या यादीत ते अठरावं आहे आणि पुढे कंसात ‘वेळ मिळाला तर’ लिहिलंयस. ते पहिल्या ओळीत आण. गुलाबी छटेच्या वालुकाश्माचं लहानसं देऊळ आहे, इतकं लहान की अंगकोर वाट पाहून तिथे गेलेली माणसं ‘हे एवढंच?’ म्हणतात. राजाने बांधलेलं नाही, यज्ञवराह नावाच्या दरबारी विद्वानाने बांधलंय. तो राजकुळातला होता आणि पुढे राजाचा गुरू झाला. इ.स. 967 मध्ये तिथे लिंगाची स्थापना झाली. आवारात शिरल्यावर दक्षिणेच्या छोट्या इमारतीची पूर्वेकडची दर्शनी कमान गाठ. तिथे तोच रावण आहे. पण इथला पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा आहे, एकेका पायरीवर वेगळी मंडळी बसलीत, वर ऋषी, मध्ये जनावरांच्या तोंडाचे गण, आणि अगदी खाली हत्ती-सिंह जीव घेऊन पळतायत. पार्वती इथेही बिलगलीय. वेरूळच्या कारागिराचं सगळं लक्ष रावणाच्या ताकदीकडे होतं, इथल्या कारागिराला त्या डोंगरावर राहणाऱ्यांची काळजी पडली होती, असं मला ते बघताना वाटलं. तुला वेगळं वाटेल. वाटू दे. पण वेरूळचा रावण डोळ्यात नसेल तर काहीच वाटणार नाही, आणि गाईड सांगेल तेवढ्यावर मान डोलावून पुढे जाशील.

त्याच इमारतीच्या मागच्या, पश्चिमेच्या कमानीवर ध्यानस्थ शंकरावर बाण रोखलेला मदन आहे. उत्तरेच्या इमारतीवर कंसवध आणि खांडववनावर पडणारा इंद्राचा पाऊस. सगळं तुझ्या ओळखीचं. तिथे सकाळी लवकर पोहोच. देवळाचं तोंड पूर्वेला आहे आणि मोठ्या बसगाड्या नऊनंतर येतात.

एक गोष्ट मात्र तिथे बोलू नकोस. ‘हे सगळं आमचंच.’ आपली माणसं तिथे गेली की फार मोठ्याने हे म्हणतात, आणि बाजूला उभा असलेला ख्मेर गाईड कसनुसं हसून गप्प राहतो. मी त्याच्या जागी उभा राहिलेलो आहे, तेव्हा ते हसू मला कळतं. रामायण इथून गेलं, लिपी गेली, संस्कृत गेली, हे खरंच. पण तिथे रामायणाचं ‘रिआमकेर’ झालं आणि त्या लोकांनी जे बांधलं ते इथे कुठेच नाही. उद्या कुणी इराणी पाहुणा मकबऱ्यापुढे उभा राहून असं म्हणाला तर तुला कसं वाटेल?

उलट ज्या गोष्टीने मला खरंच जवळीक वाटली ती वेगळी आहे. आपल्या लग्नपत्रिकेवर आणि पंचांगावर ‘शके’ लिहितात ना, तो शक. शालिवाहनाचं पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. शालिवाहनाचं नाव त्या गणनेला पुढे चिकटलं, ती मुळात कोणी सुरू केली यावर पंडितांनी बरंच भांडून घेतलंय. सुरुवात धरतात इ.स. 78 पासून. ख्मेर राजांचे शिलालेख याच शकात आहेत. जयवर्मन दुसरा कुलेनच्या डोंगरावर चक्रवर्ती झाला तो शके 724 मध्ये, म्हणजे इ.स. 802. अंगकोरच्या राज्याची सुरुवात तिथून मोजतात. मेकाँगच्या काठी सापडलेल्या एका शिलालेखात शके 605 लिहिलंय आणि त्यातल्या शून्याच्या जागी नुसतं टिंब दिलंय. जगातल्या अगदी जुन्या शून्यांपैकी तो एक. तो नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय, तू त्या शहरात जाणार असशील तर बघ. आकडे जुळव आता. आपल्याकडे राष्ट्रकूट कृष्णराजाने कैलास कोरवला तो 756 ते 773 या त्याच्या कारकिर्दीत. म्हणजे कैलासावरच्या छिन्नीचा आवाज थांबला त्यानंतर एका पिढीने तिकडे राज्य उभं राहत होतं. आणि अंगकोर वाट? ते सूर्यवर्मन दुसऱ्याचं, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, विष्णूचं. कैलासाहून साडेतीनशे वर्षांनी लहान.

बांधकामाची रीत तर अगदी उलटी. वेरूळला वरून खाली उतरत गेले, कळस आधी आणि पाया शेवटी. नको असलेला दगड काढून टाकला, सुमारे दोन लाख टन असा अंदाज सांगतात. चूक झाली तर जोडायला काही नाही. अंगकोरला आत जांभा, तोच आपल्या कोकणातला, आणि बाहेरून वालुकाश्म. दगड कुलेनच्या पायथ्याच्या खाणीतून कालव्यांवाटे आणला असं अभ्यासक मानतात. चुन्याशिवाय एकावर एक घासून बसवला आणि जागेवर नक्षी केली. काही भिंतींवर नक्षी अर्धीच राहिलेली दिसते, ती मुद्दाम शोध.

अंगकोर वाटच्या पहिल्या ओवरीत लांबच लांब शिल्पपट आहेत. पश्चिमेला एका बाजूस कुरुक्षेत्र, दुसऱ्या बाजूस लंकेचं युद्ध. कुरुक्षेत्रात शरपंजरी पडलेला भीष्म सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. पूर्वेला समुद्रमंथन, जवळजवळ 50 मीटर लांबीचं, 92 असुर आणि 88 देव वासुकीला ओढतायत. दक्षिणेच्या पटात यम आणि चित्रगुप्त हिशेब घेऊन बसलेत. खाली नरकातल्या शिक्षा इतक्या तपशिलाने कोरल्यात की तुझी आजी तिथून लवकर हलेना. हे पट देवळाला डाव्या हाताशी ठेवून बघत जायचे असतात. आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, श्राद्धातल्या अपसव्यासारखं. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की हे राजाचं स्मारकमंदिर असावं. सर्वांत वरच्या मजल्याची शिडी खडी आहे, एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात, आणि बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी तो मजला बंद असतो. आधी तिथी बघून घे.

आता सातव्या जयवर्मनाबद्दल. बाराव्या शतकाच्या अखेरीचा हा महायान बौद्ध राजा. बायॉन देवळावरचे ते शांत, डोळे मिटलेले मोठाले चेहरे त्याच्याच काळचे. सगळे चेहऱ्यांचे फोटो काढतात. तू खालच्या भिंती बघ. त्यांवर बाजार भरलाय, कोंबड्यांची झुंज लागलीय, कुणी मासे भाजतंय, कुणी मोठ्या भांड्यात डुक्कर सोडतंय, चिनी व्यापारी घासाघीस करतायत. आपल्या लेण्यांत राजे आणि देव भरपूर, पण असा रोजचा बाजार इतका ऐसपैस सापडत नाही.

ता प्रोम याच राजाने 1186 मध्ये आईच्या नावे बांधलं. झाडांनी गिळलेलं देऊळ म्हणून ते प्रसिद्ध आहे, सिनेमातही आलंय, त्यामुळे एका ठरावीक मुळापुढे फोटोसाठी रांग असते. रांगेत उभी राहू नकोस. तिथल्या शिलालेखात हिशेब दिलाय: या देवळाच्या चरितार्थासाठी 3,140 गावं लावून दिलेली आणि आत 615 नर्तकी. राजाच्या 102 दवाखान्यांचाही उल्लेख आहे. झाडं बघताना ही गावं डोक्यात असू दे. तिथल्या जीर्णोद्धाराचं काम आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण वर्षानुवर्षं करतंय. त्याआधी, 1986 ते 1993 या काळात, आपल्या लोकांनी अंगकोर वाटची साफसफाई आणि दुरुस्तीही केली होती. तेव्हा तिथे नीट शांतता नव्हती, दुसरे बहुतेक देश यायला तयार नव्हते. त्या रासायनिक सफाईवर पुढे टीकाही झाली. दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात, नुसती अभिमानाची नको.

तर माझा हिशेब असा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर बांते स्रेई, दुपारी विश्रांती, तीननंतर अंगकोर वाट. दुसऱ्या दिवशी सकाळी बायॉन आणि ता प्रोम, संध्याकाळी काही नाही. तिसरा दिवस मोकळा ठेव आणि जे सर्वांत आवडलं तिथे परत जा. कुलेन, रोलुओसची जुनी देवळं, प्रेआह खान, यातलं एखादं चौथा दिवस काढलास तरच. गावातलं अंगकोर संग्रहालय जमलं तर पोहोचल्याच संध्याकाळी बघून टाक, म्हणजे राजांची नावं तोंडात बसतील.

व्यवहाराचं सांगतो. देवळांचा पास एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलगच हवा असं नाही, म्हणून मधे विश्रांतीचा दिवस घ्यायला काही आडकाठी नाही. पासवर फोटो असतो, दुसऱ्याचा चालत नाही. तो अधिकृत खिडकीवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावरच घे. कुलेनचं तिकीट निराळं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर तर त्याशिवाय सोडतच नाहीत. डॉलर सगळीकडे चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कुणी घेत नाही, आणि सुटे रियालमध्ये मिळतात. नव्या विमानतळापासून गाव बरंच दूर आहे, म्हणून गाडी आधीच ठरव. चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्ली, पुढे बँकॉक, सिंगापूर नाहीतर क्वालालंपूर असा प्रवास होईल. बँकॉकहून पुढे बसने स्वस्तात जायचं जुनं गणित मात्र धरू नकोस. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई पेटली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आणि व्हिसाचे नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघ, मैत्रिणीच्या आठवणीवर जाऊ नकोस.

डिसेंबर-जानेवारीत हवा बरी असते, गर्दीही तेव्हाच. मार्च-एप्रिलच्या उन्हाला आपण मराठवाड्याची माणसं घाबरत नाही असं वाटतं, पण तिकडचा उन्हाळा दमट, घाम वाळत नाही. मधल्या दुपारी देऊळ नको, खोलीत पडून राहा. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नवं वर्ष असतं, तेव्हा दुकानं, रिक्षावाले सगळे गावी जातात. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, पण तेव्हा खंदक भरलेले असतात आणि माणसं कमी असतात. मला विचारशील तर ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबर.

पाण्यावरून आठवलं. अंगकोर हे मुळात पाण्याचं शहर. त्यांचा पश्चिमेचा तलाव 8 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटर रुंद, माणसांनी बांधून काढलेला. आपल्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आपलं गाव, वसवली आणि पुढे नहर खेळवली, तेव्हा त्याच्यापुढेही पाण्याचाच प्रश्न होता. तिथली देवळं वाळूच्या भरावावर उभी आहेत आणि ती वाळू ओली राहिली तरच नीट राहते. आता हॉटेलं भूजल उपसतात म्हणून जाणकारांना धास्ती आहे. म्हणजे दोनदा अंघोळ करणारा पाहुणासुद्धा देवळाच्या पायाशी निगडित आहे. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याची घरोघर वाट बघतात, तिथल्या मुलीला हे जास्त समजावून सांगायला नको.

खाण्याचं आजी सांगणार आहे, तरी मी सांगतो. तिथे भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचा सॉस असतो, आणि ‘प्राहोक’ नावाचा आंबवलेला मासा बऱ्याच पदार्थांत. तुझी शाकाहारी मैत्रीण बरोबर आहे, तिच्यासाठी ‘मांस नाही’ एवढं म्हणून भागणार नाही, माशाचा सॉसही नको म्हणून सांगायचं. पहिल्या दोन दिवसांपुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ने.

गाईड घ्यायचाच. हे मी धंदा म्हणून सांगत नाही, म्हणजे थोडं सांगतोही. पण परवानाधारक घे आणि त्याला सुरुवातीलाच सांग की आम्हाला थोडंच बघायचंय. चांगला गाईड हे ऐकून खूश होतो. चाळिशीपन्नाशीच्या पुढच्या माणसाला घरच्यांबद्दल खोदून विचारू नकोस. 1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या चार वर्षांत तिथे घराघरांतली माणसं गेली, नंतरही कित्येक वर्षं शेतांत सुरुंग होते. तो आपण होऊन बोलला तर ऐक. लहान मुलं पोस्टकार्डं, बांगड्या विकायला मागे लागतात, गोड बोलतात. त्यांच्याकडून घेऊ नकोस. घेतलं तर उद्याही ती शाळेऐवजी तिथेच उभी राहणार. वेरूळच्या फाटकाजवळ माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली अशी पोरं मी पाहिलीत. खरेदी करायची तर मोठ्या माणसांकडून कर.

पैशाची अडचण असेल तर बाबांना न सांगता मला सांग. पण बावीस देवळांसाठी एक रुपयाही मिळणार नाही.

तुझा,
आजोबा

ता. क. वेरूळला मंगळवारी जाऊ नकोस, बंद असतं. अजिंठा सोमवारी. आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने आहे का ते आजच काढून बघ.